स्टार वॉर्सचे चाहते भांडतात, त्यातून आपल्या धंद्याने काय घ्यायचं?



या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी बघितला त्यांना माहिती आहे, मी त्यात ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन सिनेमांच्या मालिकेबद्दल बोललो. व्हिडिओत वेळ कमी, त्यामुळे बरंच सुटलं. ते इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, लेख मोठा आहे.

आता श्रीरामपूरला मसाले करणाऱ्या, जामखेडला बेकरी टाकू बघणाऱ्या किंवा सावेडीत पार्लर चालवणाऱ्या माणसाने अवकाशातल्या लढायांचे सिनेमे कशाला अभ्यासायचे? सिनेमे नाही बघितले तरी चालेल. त्यांचे चाहते गेली कित्येक वर्षं एकमेकांशी जे भांडताहेत, ते भांडण बघा. गिऱ्हाईक आपल्या मालावरून वाद घालायला लागलं की काय करायचं, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. बँकेला द्यायच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये त्याला रकाना नसतो. आणि धंदा दोन-तीन वर्षं टिकला की ही वेळ येतेच.

ज्यांनी एकही भाग बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७७ साली जॉर्ज लुकास या दिग्दर्शकाने पहिला सिनेमा काढला. दूरच्या आकाशगंगेत एक जुलमी साम्राज्य, त्याच्याशी लढणारे बंडखोर, शेतावर वाढलेला ल्यूक नावाचा पोरगा, त्याचे गुरू आणि काळा मुखवटा घातलेला डार्थ व्हेडर. विज्ञान कमी, राजकन्या, तलवारी, गुरू-शिष्य आणि बाप-लेक जास्त. अशा कथेला ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. आपल्या हिशोबाने, घोड्यांच्या जागी यानं असलेला पोशाखी सिनेमा. १९७७, १९८० आणि १९८३ ला तीन भाग आले. मग १९९९, २००२ आणि २००५ ला आणखी तीन, पण त्यांत आधीची कथा. २०१२ साली लुकासने आपली कंपनी डिस्नेला ४०५ कोटी डॉलरला विकली आणि डिस्नेने २०१५, २०१७ आणि २०१९ ला पुढचे तीन भाग काढले. मधेमधे सुटे सिनेमे आणि मालिकाही आल्या.

वाद काय? पहिले तीन भारी की मधले तीन? शेवटच्या तिनांनी वाट लावली का? नव्या माणसाला दाखवायचे तर १ ते ९ क्रमाने दाखवायचे, की जसे आले तसे ४, ५, ६ आधी? यावर लोकांनी लेखच्या लेख लिहिलेत, मैत्र्या तोडल्यात.

शेअर नसलेला सभासद

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट समजायला सोपी आहे, कारण आपण साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा राहिला, त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. तेव्हापासून ‘कारखान्याचा सभासद’ ही काय चीज असते हे इथल्या पोराटोरांनाही माहिती आहे. सभासद वार्षिक सभेत उठून भावाबद्दल विचारतो, कारण त्याचा शेअर आहे, त्याचा ऊस आहे. त्याला तसा हक्कच आहे.

स्टार वॉर्सच्या चाहत्याचा एक रुपयाचा शेअर नाही. तरी तो सभासदासारखाच उठून विचारतो, “हे तुम्ही असं का केलंत?” त्याने दहाव्या वर्षी पहिला भाग बघितला, खेळणी जमवली, मित्रांबरोबर काठ्यांच्या तलवारी केल्या, मग पोरांना घेऊन पुन्हा थिएटरात गेला. त्याच्या लेखी त्याने शेअरचे पैसे केव्हाच भरलेत.

तुमचं जुनं गिऱ्हाईकही असंच असतं. “तुमच्या मिसळीला आता पहिली चव राहिली नाही” असं म्हणणारा माणूस बघा. दहा वर्षं येतोय. त्याला चव आठवते, म्हणजे त्याने ती जपून ठेवली आहे. ज्याला काहीच वाटत नाही तो तक्रार करत नाही. शेजारच्या गाडीवर जातो आणि तुम्हाला कळतही नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी संगीत नाटकांच्या काळात बालगंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसल्यांचे चाहते असे दोन गट होते. कोण मोठा यावर हिरीरीने वाद चालायचे. मग ८ जुलै १९२१ ला मुंबईत दोघांनी मिळून ‘मानापमान’चा प्रयोग केला, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. सगळ्यात महाग तिकीट शंभर रुपये. १९२१ चे शंभर रुपये! आपला धंद्याचा अभ्यास आहे म्हणून एवढंच लक्षात घ्या, की तिकिटाला तो भाव दोन्ही गटांच्या वादामुळे आला. फक्त एकाच गटाचे लोक असते तर नेहमीचाच प्रयोग झाला असता.

रिकाम्या खोक्याची विक्री

हे सभासदपण कुठून सुरू झालं, ते बघू. इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण नव्या धंदेवाल्यांना सगळ्यात जास्त कामाचं हेच आहे.

आधीचा सिनेमा जोरात चालल्यामुळे लुकासला स्टार वॉर्ससाठी जास्त फी मागता आली असती. त्याने दिग्दर्शनाची फी दीड लाख डॉलरच ठेवली आणि त्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळणी वगैरे मालाचे हक्क मागून घेतले. स्टुडिओला त्या हक्कांची फारशी किंमत वाटत नव्हती, त्यांनी देऊन टाकले. २५ मे १९७७ ला सिनेमा फक्त ३२ थिएटरांत लागला. पुढे काय झालं ते जगाला माहिती आहे.

खेळण्यांचं लायसन्स केनर कंपनीकडे होतं. एवढी मागणी येईल असं त्यांच्या गावीही नव्हतं. नाताळ आला आणि खेळणी तयार नाहीत. आपल्याकडे दिवाळीला फटाक्याच्या दुकानात फटाके नसावेत तशी गत. त्यांनी काय केलं? पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत खेळणं नाही, फक्त एक सर्टिफिकेट. ते भरून पाठवा, १९७८ मध्ये चार बाहुल्या घरपोच येतील. ल्यूक, राजकन्या लेया, केसाळ च्युबाका आणि आरटू-डीटू हा यंत्रमानव. लोकांनी नाताळला मुलांना पुठ्ठा भेट दिला! आणि बाहुल्या खरंच घरी आल्या.

हे वाचून काही जणांचे डोळे चमकले असतील, की वा, माल नसताना पैसे. जरा दमानं. केनरला हे जमलं कारण नेमकं काय येणार, किती नग येणार आणि कधी येणार हे पाकिटावर छापलेलं होतं. आपल्याकडे ॲडव्हान्स घेतला जातो तोंडी. “ताई, दिवाळीपर्यंत देतो.” कुठली दिवाळी? लक्ष्मीपूजन की तुळशीचं लग्न? फराळाची ऑर्डर घेणाऱ्या भगिनींनी तर हे लिहूनच ठेवा: पावतीवर तारीख, वजन, आणि तारीख चुकली तर काय करणार ते. ॲडव्हान्स देणारं गिऱ्हाईक हे तुमचं पहिलं सभासद गिऱ्हाईक. पाच वर्षांनी तुमच्यासाठी दुसऱ्याशी भांडणारही तेच.

रेसिपी बदलली की काय होतं

आता खऱ्या भांडणावर येतो.

पहिल्या सिनेमात हान सोलो नावाचं पात्र आहे. तस्कर, कर्जबाजारी, थोडा स्वार्थी, पण लोकांचा लाडका. एका खानावळीत त्याला ग्रीडो नावाचा वसुलीवाला गाठतो, बंदूक रोखतो. हान गप्पा मारत मारत टेबलाखालून गोळी झाडतो. ग्रीडो खलास. दृश्य छोटंसं, पण माणूस कसा आहे ते त्यातून कळतं.

१९९७ साली, वीस वर्षं झाली म्हणून, लुकासने तिन्ही जुने भाग दुरुस्त करून पुन्हा थिएटरात आणले. नवं तंत्रज्ञान आलं होतं, चित्र स्वच्छ केलं, काही दृश्यं वाढवली. आणि या दृश्यात बदल केला: आता ग्रीडो आधी गोळी मारतो, ती चुकते, मग हान मारतो. म्हणजे हान सज्जन झाला.

लोक थिएटरात गेले, पैसेही भरपूर मिळाले. पण जुना चाहता चिडला तो चिडलाच. ‘हानने आधी गोळी मारली’ असं छापलेले टीशर्ट निघाले. पुढे लुकास स्वतःच तसा टीशर्ट घालून फोटोत दिसला, पण दृश्य काही मागे नेलं नाही. उलट २००४ च्या डीव्हीडीत त्याच दृश्यात पुन्हा फेरफार, आणि २०१९ ला डिस्नेच्या नव्या सेवेवर सिनेमा आला तेव्हा परत. एका गोळीचं चार वेळा पॉलिश! चाहत्यांनी आणखी एक गोष्ट उकरून काढली. १९८८ साली याच लुकासने अमेरिकेच्या संसदेपुढे जाऊन सांगितलं होतं, की जुन्या सिनेमांत मागाहून बदल करू नयेत, ते लोकांच्या वारशाचा भाग असतात. तेव्हा विषय होता जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांना रंग देण्याचा.

माझं मत सांगतो. बदल करण्याचा हक्क लुकासला पूर्ण होता. सिनेमा त्याचा, पैसा त्याचा. दृश्य बदललं म्हणून एवढा राग आला नसता. राग आला तो जुनं दुकानातून काढून घेतल्याचा. जुनी आवृत्ती शेजारी ठेवली असती आणि “हवं ते घ्या” म्हटलं असतं, तर अर्धा वाद तिथेच मिटला असता. २००६ ला जुने मूळ सिनेमे एकदा जोड-डिस्क म्हणून दिले, पण चित्राचा दर्जा कमी. लोकांना ते शिळं वाढल्यासारखं वाटलं.

आता हे राहुरीत आणा. समजा तुमचा काळ्या मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. सासूबाईंच्या हातचं प्रमाण. महिन्याला १८० कुटुंबं अर्धा-अर्धा किलो नेतात, म्हणजे ९० किलो. मग एक दिवस दगडफूल आणि नाकेश्वर महागतं. शिवाय पुण्याच्या दोन नव्या गिऱ्हाइकांनी सांगितलेलं असतं, की तिखट जरा कमी करा. तुम्ही पुढच्या घाण्याला प्रमाण बदलता. पाकीट तेच, नाव तेच, भाव तोच. कोणाला सांगत नाही. वाटतं, कोणाला कळणार आहे?

आमटी उकळली की कळतं. तीस वर्षं तीच आमटी खाणाऱ्या घरात तर वासावरच कळतं.

इथे बहुतेक जण दोन टोकांना जातात. एक म्हणतो, गिऱ्हाईक राजा, परत जुनं करा. दुसरा म्हणतो, मला अक्कल शिकवू नका, हेच चांगलं आहे. त्यापेक्षा साधा मार्ग आहे. जुनं प्रमाण ‘जुनं’ म्हणून चालू ठेवा, भाव वाढवावा लागला तर वाढवा आणि का वाढवला ते सांगा. नवं वेगळ्या पाकिटात, वेगळ्या नावाने. पाकिटाचा रंगही वेगळा, कारण घाईत रंग बघून माल उचलला जातो. तीन महिने दोन्हींचे किलो मोजा. समजा जुनं ९० वरून ७० वर आलं आणि नवं ४० वर गेलं, तर एकूण ११० झाले आणि कोणाचं काही काढून घेतलं नाही. नवं १० वरच अडकलं, तर पुण्याच्या दोन गिऱ्हाइकांचं मत हे दोघांचंच होतं हे कळेल. कांडपवाल्याकडे दोन वेळा जावं लागेल, डबे दुप्पट लागतील, तेवढा त्रास आहे. तो खर्च आधीच धरा.

दहाव्या वर्षी जे आवडतं

१९९९ चा ‘द फँटम मेनेस’ आला तेव्हा जुने चाहते खूप नाराज झाले. कथेत व्यापार-कराचा वाद, पोरकट विनोद, आणि जार जार बिंक्स नावाचं लांब कानांचं पात्र. त्या पात्राचा तर इतका तिरस्कार झाला, की ते नाव शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं.

पण त्याच थिएटरांत सात-आठ वर्षांची पोरंही बसली होती. त्यांना १९७७ चं काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी हाच पहिला स्टार वॉर्स. ती पोरं मोठी झाली, कमवायला लागली, आणि आता तीच जोरात सांगतात की मधले तीन भाग उत्तम आहेत. त्यातला तिसरा, ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’, वीस वर्षं झाली म्हणून २०२५ मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि गर्दी झाली.

उलटंही आहे. १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आज बहुतेक जण मालिकेतला सगळ्यात चांगला भाग मानतात. तो आला तेव्हा काही नावाजलेल्या समीक्षकांनी नाकं मुरडली होती. शेवट अर्धवट, वातावरण उदास, हिरो हरतो. आणि या सिनेमात लुकासचा स्वतःचा पैसा होता, बँकेचं कर्ज होतं. त्याच आठवड्यात लोकांच्या मतावर घाबरून पुढचा भाग बदलला असता तर?

म्हणून पहिल्या महिन्याची वाहवा किंवा शिव्या, दोन्हींवरून मोठा निर्णय घेऊ नका. शाळेच्या रस्त्यावर दुकान असेल तर आणखी एक: आज दहा रुपयांची वस्तू घेणारं पोरगं पंधरा वर्षांनी स्वतःच्या लग्नाची ऑर्डर द्यायला येऊ शकतं. त्याची आवड बापाच्या आवडीवरून ठरवू नका.

ओरडतंय कोण आणि गल्ल्यावर उभं कोण

२०१७ चा ‘द लास्ट जेडाय’. दिग्दर्शक रायन जॉन्सन. सगळ्यात मोठं भांडण याच्यावर झालं. लहानपणापासून ज्याला शूर बघितलं तो ल्यूक यात म्हातारा, हताश, जगापासून तोंड फिरवून बेटावर बसलेला दाखवलाय. काहींना हे फार खोल वाटलं, काहींना आपल्या देव्हाऱ्याला लाथ मारल्यासारखं. हा सिनेमा कथेतून रद्द करा अशी ऑनलाइन मागणी निघाली, तिच्यावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या.

आता धंद्याच्या नजरेने आकडे बघा. समीक्षकांपैकी दहातल्या नऊ जणांना सिनेमा आवडला. इंटरनेटवर कोणीही मत देऊ शकतं अशा प्रेक्षक-यादीत मात्र तो निम्म्याच्याही खाली गेला. आणि तिसरा आकडा: सिनेमास्कोर नावाची संस्था थिएटरातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे तिकीट काढलेल्या प्रेक्षकांना विचारते. त्यांनी दिला ‘ए’. फार चांगला शेरा. कमाई जगभरात सुमारे १३३ कोटी डॉलर.

एकच माल आणि तीन वेगळी उत्तरं. कोणतं खरं? तिन्ही खरी, पण प्रत्येकाने वेगळ्या लोकांना विचारलंय. आपण ही गफलत रोज करतो. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा जणांनी तुमच्या बेकरीच्या नानकटाईवर टीका केली, की रात्री झोप लागत नाही. त्या सहातल्या किती जणांनी गेल्या महिन्यात नानकटाई घेतली? माहिती नाही. मग आधी ते माहिती करून घ्या.

डिस्नेने पुढे काय केलं? २०१९ च्या शेवटच्या भागाला आधीचा दिग्दर्शक परत आणला, जुना मेलेला खलनायक परत आणला, ज्या गोष्टींवर आरडाओरडा झाला होता त्या बाजूला सारल्या. सगळ्यांना खूश करायचं. तिकीट काढलेल्या प्रेक्षकांचा शेरा खाली आला, ‘बी प्लस’, आणि कमाई सुमारे १०७ कोटी डॉलर. त्याआधी २०१५ ला हीच मालिका २०० कोटींच्या पुढे गेली होती. एकट्या त्या एका कारणाने पैसे कमी झाले असं मी म्हणणार नाही, सिनेमाला शंभर कारणं असतात. पण भांडणाऱ्या दोन्ही गटांना तो सिनेमा आपला वाटला नाही, हे त्या चाहत्यांचं बोलणं वाचलं की दिसतं.

जाता जाता आपल्याकडचं सांगतो. २०१५ चा ‘द फोर्स अवेकन्स’ अमेरिकेत १८ डिसेंबरला आला. भारतात आठवड्याने, २५ डिसेंबरला, कारण १८ ला इथे ‘बाजीराव मस्तानी’ आणि ‘दिलवाले’ होते. जगातल्या सगळ्यात मोठ्या सिनेमाने बाजीरावाला वाट दिली! दुसरं असं, की तो सिनेमा अमेरिकेत आठवणींवर चालला. चाळीस वर्षांपूर्वीचा ल्यूक, जुनं यान, बापाने लेकाला नेलं. आपल्या तालुक्याच्या गावांत ती आठवण घरोघरी नव्हतीच, त्यामुळे इथे तो नाताळच्या सुट्टीतला आणखी एक इंग्रजी सिनेमा होता. नगरहून पुण्याला शाखा टाकणाऱ्यांनी यावर विचार करावा. “आमच्याकडे तीन पिढ्या लोक येतात” ही पाटी नगरच्या कापड बाजारात कामाची. हडपसरमध्ये त्या तीन पिढ्या राहत नाहीत.

काउंटरवरचं माणूस

व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहितो.

जार जार बिंक्स संगणकाने काढलेला होता, पण त्याच्या मागे हालचाल आणि आवाज एका तरुण अभिनेत्याचा होता: अहमद बेस्ट. कथा त्याने लिहिली नव्हती, विनोद त्याने ठरवले नव्हते. सांगितलेलं काम त्याने मेहनतीने केलं. शिव्या मात्र त्याला पडल्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याने जाहीरपणे सांगितलं की त्या काळात त्याच्या मनात जीव देण्याचे विचार आले होते. ते ज्या पुलावर आले, तिथे तो आपल्या लहान मुलाला घेऊन उभा होता, तसा फोटो त्याने टाकला. २०२३ ला ‘द मँडलोरियन’ मालिकेत तो एका शूर जेडायच्या भूमिकेत परत आला, तेव्हा त्याच चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं.

‘द लास्ट जेडाय’मध्ये रोझ नावाच्या मेकॅनिकचं काम केली मेरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीने केलं. तिला तिच्या वंशावरून, दिसण्यावरून इतकं घाण बोललं गेलं, की जून २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. काही आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिने त्यावर स्पष्ट लेख लिहिला. आणि पुढच्या भागात तिची भूमिका जेमतेम मिनिटभर उरली. त्याचं कारण काहीही असो, बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं? ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना हवं ते मिळालं.

तुमच्या दुकानात काउंटरला कोण असतं? बहुतेक वेळा बारावी झालेलं पोरगं, किंवा घरची सून. प्रमाण तुम्ही बदललं, भाव तुम्ही वाढवला, पण ऐकून घेतं ते. गिऱ्हाईक तावातावाने बोलत असताना मालक आत हिशोबाच्या वहीत डोकं घालून बसलेला मी अनेक दुकानांत बघतो. असं करू नका. दोन गोष्टी आजच ठरवून द्या. मालाबद्दल, भावाबद्दल कोणी कितीही बोललं तरी ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि “मालकांना सांगतो” म्हणायचं. माणसाबद्दल बोललं, म्हणजे जात, रंग, आई-बहीण, बाईमाणसाला वेडंवाकडं, तर त्या क्षणी काउंटरवरच्या माणसाने आत हाक मारायची आणि मालकाने स्वतः बाहेर यायचं. असं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. महिन्याला दोन हजारांचं असेल तरी जाऊ द्या. चांगलं पोरगं सोडून गेलं तर नवं शोधून तयार करायला तीन महिने जातात, तो हिशोब दोन हजारांत बसत नाही. आणि हिशोबात बसला असता तरी मी हेच सांगितलं असतं.

या आठवड्याचं काम

एक वही करा. पुढचे पंधरा दिवस मालाबद्दल जो कोणी काही बोलेल, चांगलं किंवा वाईट, ते त्याच्याच शब्दांत लिहा. सुधारून लिहू नका. “पहिली चव राहिली नाही” म्हणाला तर तेच लिहा, ‘गुणवत्तेत घट’ असं सरकारी लिहू नका. समोर दोन रकाने: शेवटची खरेदी कधी, आणि पहिल्यांदा आपल्याकडे कधी आला. ज्याने कधीच काही घेतलं नाही त्याच्यासमोर फुली. पंधराव्या दिवशी फुल्या सोडून बाकीच्या ओळी वाचा आणि एकच गोष्ट शोधा: कोणती वस्तू, कोणती चव, कोणती सवय लोकांनी आपली मानली आहे? कधीकधी ती अगदी किरकोळ निघते. कागदाच्या पुडीला बांधलेला दोरा, किंवा वजनानंतर वरून टाकलेली चिमूटभर शेव. तिला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. बाकीचं खुशाल बदला.

वही दोनशे पानी घ्या, छोटी डायरी हरवते. आणि काउंटरवर दोरीने बांधलेलं पेन ठेवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी ते कोणाच्या तरी खिशात जातं. पुढच्या व्हिडिओत अशाच एका भरलेल्या वहीची पानं घेऊन बसू.